डेटाबेस सर्व्हर सांभाळताना नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धंतोलीतले दवाखाने, गांधीबागेतली कापडाची ठोक दुकानं, गायत्रीनगरच्या आयटी पार्कातल्या छोट्या कंपन्या, शहराबाहेरची इंजिनिअरिंग कॉलेजं. सगळीकडे कपाटाशेजारी किंवा जिन्याखाली एक सर्व्हर चालू असतो आणि त्यात पोस्टग्रेस नाहीतर मायएसक्यूएल हा डेटाबेस असतो. तो सांभाळणाऱ्या माणसाचं पद बहुतेक वेळा 'डीबीए' (डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर) नसतं. प्रिंटर, वायफाय, सीसीटीव्ही यांच्यासोबत डेटाबेसही त्याच्याच गळ्यात पडलेला असतो. हे प्रश्न त्याच्यासाठी आहेत. उत्तरं मुख्यतः पोस्टग्रेसची आहेत. मायएसक्यूएलमध्ये वेगळं काही असेल तिथे तसं सांगितलं आहे.

सर्व्हर फार स्लो होऊन राहिला. रॅम वाढवू का?

आधी सर्व्हरलाच विचारा. डेटाबेस या क्षणी काय करतो आहे, कोणासाठी थांबला आहे, दिवसभर कशात वेळ घालवला, हे सगळं तो स्वतः लिहून ठेवतो. ते न वाचता रॅम विकत घेणं म्हणजे अंदाजपंचे खर्च.

पोस्टग्रेसमध्ये 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी' नावाचा व्ह्यू, म्हणजे टेबलासारखी वाचता येणारी यादी, आहे. तक्रार चालू असतानाच तो उघडा, नंतर नाही. प्रत्येक कनेक्शनची एक ओळ दिसते. त्यात 'स्टेट', 'वेट इव्हेंट' आणि व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारे बदल) कधी सुरू झाला ती वेळ बघा. 'आयडल' म्हणजे कनेक्शन रिकामं बसलं आहे, त्याची काळजी नको. 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' दिसलं आणि वेळ वीस मिनिटांपूर्वीची असेल, तर बहुतेक चोर सापडला. कोणीतरी बिलाची एंट्री अर्धवट सोडून चहाला गेलं, प्रोग्रामने व्यवहार उघडा ठेवला आणि त्या ओळीवरचं लॉक तसंच राहिलं. बाकीचे दहा जण त्या लॉकसाठी रांगेत उभे आहेत. इथे रॅम चौपट केली तरी रांग तेवढीच राहणार.

अशा वेळी 'पीजी टर्मिनेट बॅकएंड' वापरून ते कनेक्शन तोडा. नुसती क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) थांबवायची असेल तर 'पीजी कॅन्सल बॅकएंड'. लिनक्सच्या प्रॉम्प्टवरून 'किल' आणि उणे नऊ हा मार्ग मात्र कधीच नको. एक प्रोसेस तशी मारली की पोस्टग्रेस सगळ्यांची कनेक्शनं तोडतो आणि क्रॅश रिकव्हरीतून पुन्हा उठतो. कायमचा इलाज हवा असेल तर 'आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट' हे सेटिंग आहे. मुळात ते बंद असतं, ते पाच-दहा मिनिटांवर ठेवा. आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला फोन करा, कारण खरी दुरुस्ती त्याच्याकडेच आहे.

लॉकचा प्रश्न नसेल तर 'पीजी स्टॅट स्टेटमेंट्स' हे एक्स्टेंशन लावा. त्यासाठी सर्व्हर एकदा रीस्टार्ट करावा लागतो, म्हणून ते पहिल्याच दिवशी लावून ठेवलेलं बरं. यादी बघताना सरासरी वेळेवर जाऊ नका, एकूण वेळेवर लावा. चाळीस सेकंदांचा रिपोर्ट दिवसातून दोनदा चालला तर ऐंशी सेकंद गेले. तीन मिलिसेकंदांची क्वेरी चार लाख वेळा चालली तर वीस मिनिटं गेली. लोक तक्रार रिपोर्टची करतात, सर्व्हर दमतो दुसरीनेच.

मायएसक्यूएलमध्ये हेच काम स्लो क्वेरी लॉग आणि परफॉर्मन्स स्कीमा करतात. तिथे 'लाँग क्वेरी टाइम' मुळात १० सेकंदांचा असतो. तो एक सेकंदावर आणल्याशिवाय लॉगमध्ये उपयोगाचं फारसं काही येत नाही.

'एक्स्प्लेन'मध्ये सीक्वेन्शल स्कॅन दिसला. इंडेक्स लावू?

'एक्स्प्लेन' क्वेरी कुठल्या मार्गाने चालेल ते दाखवतो. सीक्वेन्शल स्कॅन म्हणजे सगळं टेबल ओळीने वाचणं, इंडेक्स म्हणजे हवी ती ओळ लगेच सापडावी म्हणून ठेवलेली सूची. टेबल पाचशे ओळींचं असेल तर तो स्कॅनच बरोबर आहे. टेबल मोठं असेल तर 'एक्स्प्लेन ॲनालाइझ' चालवा आणि एकच गोष्ट शोधा: प्लॅनरला (क्वेरीचा मार्ग ठरवणाऱ्या भागाला) किती ओळी अपेक्षित होत्या आणि प्रत्यक्षात किती निघाल्या. अपेक्षा १० आणि निघाल्या ३ लाख, असं असेल तर दोष इंडेक्सचा नसून आकडेवारी शिळी झाल्याचा आहे. त्या टेबलावर 'ॲनालाइझ' चालवा आणि पुन्हा बघा.

इंडेक्स आहे तरी वापरला जात नाही, याची दोन नेहमीची कारणं आहेत. एक, कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळलेलं असतं. 'डेट(बिलाची वेळ) बरोबर आजची तारीख' असं लिहिलं की वेळेवरचा साधा इंडेक्स बाद होतो. त्याऐवजी 'आज रात्री बारापासून उद्या रात्री बाराच्या आत' असा पल्ला लिहा. दुसरं, 'लाइक'च्या सुरुवातीलाच टक्क्याचं चिन्ह असतं. तसा शोध खरोखर लागत असेल तर ट्रायग्राम इंडेक्स (तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांवर बनणारा) वापरा.

एक धोका लक्षात असू द्या. 'एक्स्प्लेन ॲनालाइझ' क्वेरी खरोखर चालवतो. 'डिलीट'च्या पुढे लावून पाहाल तर ओळी खरंच जातील. म्हणून आधी 'बिगिन' लिहा आणि शेवटी 'रोलबॅक', म्हणजे बदल रद्द होतील.

सर्व्हरमध्ये ३२ जीबी रॅम आहे. ती सेटिंगमध्ये कशी वाटायची?

'शेअर्ड बफर्स' (पोस्टग्रेसची स्वतःची कॅश) मुळात १२८ एमबी असतात, म्हणजे सर्व्हर कितीही मोठा असो, पोस्टग्रेस लाजत लाजत बसतो. ते एकूण रॅमच्या साधारण पावपट करा, म्हणजे इथे ८ जीबी. बाकीची रॅम वाया जात नाही, ऑपरेटिंग सिस्टिम तिचा फाइल कॅश म्हणून उपयोग करते. मायएसक्यूएलचं गणित वेगळं आहे. फक्त डेटाबेससाठीच असलेल्या मशीनवर इनोडीबीच्या (मायएसक्यूएलच्या स्टोरेज इंजिनच्या) बफर पूलला अर्धी ते पाऊण रॅम देतात.

गडबड होते ती 'वर्क मेम'मध्ये, म्हणजे सॉर्टसारख्या कामांना मिळणाऱ्या मेमरीच्या मर्यादेत. मुळात ४ एमबी. कोणीतरी सांगतं की ते ६४ करा, रिपोर्ट पळेल. रिपोर्ट पळतोही. पण ही मर्यादा अख्ख्या सर्व्हरची नाही, एका कनेक्शनचीही नाही. क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला आणि हॅशला ती वेगळी मिळते. १०० कनेक्शनं, प्रत्येकात दोन सॉर्ट, प्रत्येकी ६४ एमबी: झाले १२.८ जीबी. मार्चअखेरीस सगळे एकदम रिपोर्ट काढायला बसले की लिनक्स मेमरी वाचवायला स्वतःच पोस्टग्रेसला मारतो. सर्व्हरभर ते लहानच ठेवा आणि रिपोर्ट काढणाऱ्या युझरपुरतं 'अल्टर रोल' करून वाढवून द्या.

'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी' असं येतं. 'मॅक्स कनेक्शन्स' हजार करू?

नको. पोस्टग्रेसमध्ये मुळात १०० आणि मायएसक्यूएलमध्ये १५१ असतात. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस देतो आणि आठ कोअरच्या मशीनवर हजार प्रोसेस एकमेकींच्या पायात पाय घालतात. आधी मोजा की त्या शंभरांपैकी 'ॲक्टिव्ह' किती आहेत. बहुतेक ठिकाणी दहासुद्धा नसतात. बाकीची ॲप्लिकेशनने उघडून विसरलेली असतात. मध्ये 'पीजीबाउन्सर' बसवा. तो शेकडो कनेक्शनं घेतो आणि मागे डेटाबेसला वीस-तीसच दाखवतो. त्याच्या ट्रान्झॅक्शन मोडमध्ये सेशनवर अवलंबून असलेल्या काही गोष्टी, उदाहरणार्थ सेशनपुरतं केलेलं 'सेट', भरवशाने चालत नाहीत. आधी चाचणी सर्व्हरवर बघून घ्या.

जुन्या लाखो ओळी डिलीट केल्या, तरी डिस्कवर जागा का मोकळी होत नाही?

कारण पोस्टग्रेस डिलीट केलेली ओळ लगेच पुसत नाही. दुसऱ्या कोणाचा व्यवहार अजून ती जुनी ओळ बघत असू शकतो, म्हणून ती 'मेलेली' अशी खूण होऊन तिथेच पडून राहते. 'अपडेट'मध्येही तेच होतं: जुनी ओळ मेली, नवी लिहिली. हा कचरा उचलायचं काम 'व्हॅक्यूम'चं. पण तो उचललेली जागा त्याच टेबलाच्या पुढच्या ओळींसाठी ठेवतो, ऑपरेटिंग सिस्टिमला सहसा परत देत नाही. म्हणजे फाइल तेवढीच दिसते, पण वाढायची थांबते. यात बिघाड काही नाही.

जागा खरोखर परत हवी असेल तर 'व्हॅक्यूम फुल' आहे. तो टेबल नव्याने लिहून काढतो, तोवर टेबलाला पूर्ण कुलूप लागतं (वाचतासुद्धा येत नाही) आणि नव्या प्रतीसाठी वेगळी जागा लागते. डिस्क भरत आली म्हणून 'व्हॅक्यूम फुल' चालवणारे लोक डिस्क पूर्ण भरून मोकळे होतात.

रोजचं काम ऑटोव्हॅक्यूम करतो, पण त्याचे मूळ आकडे मोठ्या टेबलांना पुरत नाहीत. टेबलातल्या साधारण २० टक्के ओळी मेल्या की तो जागा होतो. कळमन्यातल्या एखाद्या अडत्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आवकीचं टेबल दोन कोटी ओळींचं झालं असेल, तर चाळीस लाख ओळी मरेपर्यंत तो झोपलेलाच. अशा टेबलापुरता स्केल फॅक्टर (हेच प्रमाण) ०.०२ करा, म्हणजे चार लाखांवर उठेल. 'ऑटोव्हॅक्यूम सर्व्हर स्लो करतो' म्हणून तो बंद करणारे मला दर वर्षी भेटतात. त्यांना मी एवढंच विचारतो की ट्रान्झॅक्शन आयडी (प्रत्येक व्यवहाराला मिळणारे क्रमांक) किती वापरून झाले ते पाहिलं का. तो आकडा ३२ बिटांचा आहे. दोन अब्जांच्या जवळ गेला आणि जुन्या ओळी 'फ्रीझ' (कायमच्या जुन्या अशी खूण) झालेल्या नसल्या, तर पोस्टग्रेस डेटा वाचवण्यासाठी लिहिणंच बंद करतो. त्याच्या खूप आधी, २० कोटींवर, ऑटोव्हॅक्यूम बंद ठेवलेला असला तरी स्वतःहून फ्रीझ करायला धावतो. तेव्हा त्याला मारत बसू नका.

बॅकअप रोज रात्री होतो. एवढं पुरेसं आहे ना?

शेवटचा रिस्टोअर कधी केला होता? बॅकअप नव्हे, रिस्टोअर. उत्तर 'कधीच नाही' असेल तर तुमच्याकडे बॅकअप आहे असं अजून कोणीच ठरवलेलं नाही.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत जे झालं ते तिने स्वतःच जाहीर लिहून ठेवलं आहे, आणि प्रत्येक डेटाबेसवाल्याने ते वाचायला हवं. रेप्लिका (मुख्य सर्व्हरची सतत जुळती ठेवलेली प्रत) दुरुस्त करताना रात्री उशिरा एका इंजिनिअरने चुकून मुख्य सर्व्हरचीच डेटा डिरेक्टरी पुसली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. मग बॅकअप शोधायला गेले. रोजचा डंप (सगळा डेटा फाइलीत उतरवणं) होतच नव्हता, कारण सर्व्हर ९.६ आवृत्तीचा आणि डंप घेणारा प्रोग्राम ९.२ चा. तो रोज अपयशी होत होता. अपयशाचे मेलही निघत होते, पण समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. शेवटी कोणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट कामी आला. सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच.

तुमच्या ऑफिसातही धोका याच जागी आहे. क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) चालतो, फाइल तयार होते, पण तिचा आकार शून्य असतो किंवा मधेच तुटलेली असते. म्हणून आठवड्यातून एकदा जुन्या लॅपटॉपवर का होईना, तो डंप रिस्टोअर करा, काल संध्याकाळच्या बिलांची संख्या मोजा आणि मूळ सर्व्हरशी ताडून पाहा. हे स्क्रिप्टने होतं. किती वेळ लागला तेही लिहून ठेवा. मालक विचारेल 'किती वेळात चालू होईल', तेव्हा सांगायला आकडा हवा.

'पीजी डंप' दिवसातल्या एका क्षणाचं चित्र घेतो. रात्री दोनचा डंप आणि संध्याकाळी सातला डिस्क गेली, तर दिवसभराच्या नोंदी गेल्या. दवाखान्याला ते परवडत नाही. त्यासाठी 'पीजी बेसबॅकअप' आणि त्यानंतरच्या वॉल फाइली (प्रत्येक बदलाची नोंद असलेल्या), प्रत्येकी १६ एमबीच्या, दुसरीकडे साठवत राहायच्या. मग डेटाबेस सातच्या दोन मिनिटं आधीच्या स्थितीत नेता येतो. कोणी 'व्हेअर' न लिहिता 'अपडेट' मारला तर त्याच्या आदल्या क्षणापर्यंतही जाता येतं. मायएसक्यूएलमध्ये हेच काम बिनलॉग करतो.

रेड (अनेक डिस्क जोडून एक डिस्क गेली तरी चालू राहण्याची सोय) आणि रेप्लिका हे बॅकअप नव्हेत. मुख्य सर्व्हरवर टेबल ड्रॉप झालं की रेप्लिकावरही क्षणात ड्रॉप होतं, अगदी प्रामाणिकपणे.

आणि प्रत ठेवायची कुठे? त्याच खोलीतल्या पेन ड्राइव्हवर नक्कीच नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत धो धो पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउटपासून सीताबर्डीपर्यंत तळमजल्यांत पाणी शिरलं. सर्व्हर आणि शेजारच्या शेल्फवरची बॅकअपची डिस्क एकाच पाण्यात जाते. एक प्रत शहराबाहेर असू द्या, एन्क्रिप्ट करून. त्या एन्क्रिप्शनची चावी त्याच सर्व्हरवर ठेवू नका.

क्रॉनमध्ये रात्री दोनची वेळ टाकली, पण बॅकअप सकाळी साडेसातला सुरू होतो. असं का?

सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर, आहे. भारत साडेपाच तास पुढे. टाइमझोन 'एशिया/कोलकाता' करा, किंवा क्रॉनमध्ये साडेआठची, म्हणजे २० वाजून ३० मिनिटांची वेळ टाका. टेबलांमध्ये वेळ ठेवताना मात्र टाइमझोनसह असलेला टाइमस्टॅम्पच वापरा.

उन्हाळ्यात सर्व्हर आपोआप बंद पडतो. आणि लाईन गेली तर डेटाचं काय?

मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो तेव्हा बंद केबिनमध्ये किती होत असेल याचा विचार करा. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंशांत असावी अशी शिफारस आहे. नवतपात ते सांभाळायला एसी लागतो, आणि रात्री ऑफिस बंद करताना 'बिल वाचवा' म्हणून तो एसी बंद न करणारा वॉचमनही लागतो. वाळ्याचा कूलर सर्व्हरच्या खोलीत लावू नका. हवा गार होते, पण ओलावा सर्किटवर बसतो. यूपीएसच्या बॅटऱ्याही उष्णतेने लवकर मरतात. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. कागदावर अर्ध्या तासाचा असलेला यूपीएस तिसऱ्या उन्हाळ्यात चार मिनिटं टिकला तर नवल नाही. वर्षातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, मेन स्विच बंद करून घड्याळ लावा.

लाईन अचानक गेली तर नीट लावलेला पोस्टग्रेस काही गमावत नाही. कमिट झालेला प्रत्येक व्यवहार आधी वॉलमध्ये लिहिला जातो आणि पुन्हा चालू झाल्यावर तो तिथून वाचून घेतो. अट एकच: डिस्कने 'लिहिलं' म्हटलं तेव्हा खरंच लिहिलेलं असावं. घरगुती वापराच्या काही स्वस्त एसएसडी इथे खोटं बोलतात. वीज गेल्यावर कॅशमधलं लिहून टाकण्याइतकी ऊर्जा साठवणारी, सर्व्हरसाठीची एसएसडी घ्या. रॅमवर खर्च करण्याआधी मी यावर करीन.

'एफसिंक' (लिहिलेलं खरंच डिस्कवर उतरवून घेणारं सेटिंग) बंद केला की सर्व्हर पळतो, हा सल्ला तुम्हाला कुठेतरी मिळेलच. तो देणाऱ्याला नमस्कार करा आणि पुढे जा. वेग हवाच असेल तर 'सिंक्रोनस कमिट' बंद करता येतं. त्यात वीज गेल्यास शेवटच्या क्षणभरातले व्यवहार जाऊ शकतात, पण डेटाबेस मोडत नाही. 'एफसिंक' बंद असताना तो मोडतो.

डिस्क १०० टक्के भरली. 'पीजी वॉल' फोल्डरमध्ये ४० जीबी आहेत, उडवू?

हात लावू नका. ते लॉग नव्हेत, डेटाबेसचा जीव आहे. या फोल्डरचं नाव पूर्वी 'पीजी एक्सलॉग' होतं आणि लोक नुसते लॉग समजून ते पुसत, म्हणूनच २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत ते बदललं.

वॉल साचण्याचं कारण शोधा. एक तर आर्काइव्ह कमांड (वॉल दुसरीकडे साठवणारी) अपयशी होते आहे, कारण समोरच्या डिस्कवर जागा नाही किंवा तिचं माउंट सुटलं आहे. नाहीतर रेप्लिकेशन स्लॉट उरला आहे: रेप्लिका सहा महिन्यांपूर्वी बंद केली, पण तिचा स्लॉट कोणी काढला नाही आणि सर्व्हर तिच्यासाठी सगळं जपून ठेवतो आहे. 'पीजी रेप्लिकेशन स्लॉट्स'मध्ये निष्क्रिय स्लॉट दिसला आणि ती रेप्लिका खरंच नको असेल तर तो ड्रॉप करा. पुढच्या चेकपॉइंटला जागा मोकळी होते. तेराव्या आवृत्तीपासून 'मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझ' लावून यावर मर्यादाही घालता येते.

डेटाच्या डिस्कवर दोन जीबीची एक निरर्थक फाइल बनवून ठेवा. अडचणीच्या रात्री ती पुसली की सर्व्हर उठवण्यापुरता श्वास मिळतो. ऐंशी टक्क्यांवर मोबाईलवर सूचना येईल अशी व्यवस्था त्याहून बरी.

मराठी नावं शोधली तर सापडत नाहीत, आणि यादीत 'ळ' भलत्याच जागी येतो.

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही आपल्याकडे रोजचे आहेत.

क्रमाचा प्रश्न सोपा. कोलेशन (अक्षरांचा क्रम ठरवणारा नियम) 'सी' असेल तर डेटाबेस युनिकोडच्या क्रमांकाने लावतो, आणि त्यात ळ हा ल च्या लगेच मागे बसतो, व च्या आधी. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. पोस्टग्रेसमध्ये मराठीची आयसीयू (युनिकोडच्या लायब्ररीतली) कोलेशन तयार असते. त्या कॉलमला किंवा त्या 'ऑर्डर बाय'ला ती लावा आणि ळ, क्ष, ज्ञ असलेली आपली छोटी यादी काढून खात्री करा. इंडेक्सही त्याच कोलेशनने बनवा, नाहीतर सॉर्टसाठी तो वापरला जाणार नाही.

शोधाचा प्रश्न वाईट आहे, कारण डोळ्यांना तो दिसतच नाही. 'वऱ्हाड' दोन प्रकारे टाइप होतं. एका कीबोर्डवर नुक्तावाला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर अगदी एकसारखं, डेटाबेसला दोन वेगळे शब्द. 'ॲडव्होकेट'मधला ॲ कधी एका कोडचा असतो, कधी अ आणि अर्धचंद्र असा दोन कोडचा. पोस्टग्रेसचं 'नॉर्मलाइझ' फंक्शन यातलं काही सरळ करतं, पण या दोन जोड्या ते जुळवत नाही. त्यासाठी आपलं छोटं फंक्शन लिहून, साठवताना आणि शोधताना, दोन्हीकडे वापरा. नुसतं शोधताना वापराल तर जुना डेटा सापडणार नाही.

लांबी मोजतानाही फसायला होतं. 'नागपूर' हे सहा कोडचं आणि यूटीएफ-८ मध्ये १८ बाइटचं. 'क्षेत्र' वाचायला दोन अक्षरं, पण सात कोड. 'वारकॅर' या मजकुराच्या कॉलमची मर्यादा कोड मोजते. इंग्रजी नावांवरून ठरवलेली २० ची मर्यादा मराठी आडनावं कापते. मायएसक्यूएलच्या जुन्या 'यूटीएफ८' मध्ये देवनागरी बसते, पण इमोजी आला की एरर येते. तिथे 'यूटीएफ८एमबी४' हवं, ८.० पासून तेच मूळ आहे.

जुन्या फॉन्टवर टाइप केलेला डेटा असेल, तर आतमध्ये मराठी नाहीच, रोमन अक्षरांचा काला आहे. आधी तो युनिकोडमध्ये बदला, मग कोलेशनचं बघू.

ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट केली आणि युनिक कॉलममध्ये दुबार नावं शिरली. कसं शक्य आहे?

लिनक्सच्या 'जीलिबसी' लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत अक्षरांचा क्रम बदलला. इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेला, शोध नव्या क्रमाने, त्यामुळे असलेली ओळ 'नाही' ठरते. जुन्या डेबियन किंवा सेंटओएसवरून डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी नव्या मशीनवर नेली असेल, तर आधी दुबार ओळी निस्तरा आणि मग मजकुराचे सगळे इंडेक्स 'रीइंडेक्स' करा.

चालू सर्व्हरवर टेबलात कॉलम वाढवला तर ओपीडी का थांबली?

कॉलम वाढवणं स्वतः क्षणाचं काम आहे. अकराव्या आवृत्तीपासून स्थिर डीफॉल्ट मूल्य दिलं तरी टेबल पुन्हा लिहावं लागत नाही. पण त्या क्षणासाठी पूर्ण कुलूप लागतं. कोणाचा लांब रिपोर्ट चालू असेल तर 'अल्टर टेबल' त्याच्या मागे थांबतो, आणि त्यानंतर आलेली प्रत्येक साधी 'सिलेक्ट'सुद्धा 'अल्टर'च्या मागे. आधी 'लॉक टाइमआउट' तीन सेकंदांवर ठेवा. जमलं नाही तर तो स्वतः मागे हटेल, मग पुन्हा प्रयत्न करा. इंडेक्स बनवताना 'कन्करंटली' लिहा. आणि सकाळी अकराला करूच नका.

डेडलॉकची एरर येते. सर्व्हर बिघडला का?

नाही. दोन व्यवहार एकमेकांच्या लॉकसाठी थांबले, सर्व्हरने एक सेकंद वाट पाहिली आणि एकाला बाद केलं. ॲप्लिकेशनने ओळी नेहमी एकाच क्रमाने अपडेट कराव्यात आणि बाद झालेला व्यवहार पुन्हा चालवावा.

घरून काम करता यावं म्हणून ५४३२ पोर्ट इंटरनेटवर उघडला तर चालेल?

चालेल, आणि दुसराही कोणीतरी चालवेल. ५४३२ (पोस्टग्रेसचा) आणि ३३०६ (मायएसक्यूएलचा) हे पोर्ट शोधणारे प्रोग्राम रात्रंदिवस इंटरनेट चाळत असतात. व्हीपीएन किंवा एसएसएच टनेल वापरा. पीजी एचबीए फाइलमध्ये (कोणी कुठून कसं जोडायचं ते ठरवणारी फाइल) नेटवर्कच्या ओळीवर 'ट्रस्ट' लिहिलेलं असेल तर आजच काढा. त्याचा अर्थ पासवर्डच नको असा होतो. पासवर्ड तपासायला जुनी 'एमडी५' पद्धत असेल तर 'स्क्रॅम'वर या. आणि ॲप्लिकेशनला सुपरयूझरने जोडू नका. व्हेंडरने 'इन्स्टॉलेशनपुरतं' म्हणून तसं केलं असेल, तर ते 'पुरतं' कधीच संपलं आहे.

कायद्याची बाजूही आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. डेटाबेसचे लॉग आठवड्यात पुसले जात असतील तर ते सेटिंग बघा.

आवृत्ती जुनी आहे, पण चालते आहे. अपग्रेड कशाला?

पोस्टग्रेसची प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते. १२ ची मुदत नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली, १३ ची नोव्हेंबर २०२५ मध्ये. मायएसक्यूएल ५.७ ची ऑक्टोबर २०२३ मध्येच. त्यापुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत. छोट्या आवृत्त्या, म्हणजे १६.३ वरून १६.४, यात फक्त प्रोग्राम बदलून रीस्टार्ट असतो. त्या टाळण्याला कारण नाही. मोठ्या आवृत्तीसाठी 'पीजी अपग्रेड' वापरा, आधी बॅकअपच्या प्रतीवर. नंतर 'ॲनालाइझ' चालवायला विसरू नका. अठराव्या आवृत्तीच्या आधी प्लॅनरची आकडेवारी सोबत येत नसे, आणि 'अपग्रेडनंतर स्लो झालं' या बहुतेक तक्रारींचं मूळ तेवढंच असतं.

सगळं क्लाउडवर टाकलं तर ही कटकट संपेल?

लाईन, एसी आणि डिस्कची संपेल. लॉक, इंडेक्स, 'व्हेअर' विसरलेला अपडेट यांची नाही. अंतराचा हिशेबही करा. मुंबई इथून रस्त्याने सुमारे ८०० किलोमीटर. फायबरमधून प्रकाशाला जाऊन यायलाच साधारण आठ मिलिसेकंद, प्रत्यक्षात त्याहून जास्त. तुमचं बिलिंग एका बिलासाठी दोनशे लहान क्वेरी करत असेल आणि ते ऑफिसातल्याच मशीनवर राहणार असेल, तर प्रत्येक बिलाला दोन सेकंद जातील. ॲप्लिकेशन आणि डेटाबेस दोन्ही एकत्र हलवा, नाहीतर दोन्ही इथेच ठेवा.

'पोस्टग्रेस' युझरचा पासवर्डच कोणाला माहीत नाही. आधीचा माणूस सोडून गेला.

लिनक्सवर बहुतेक ठिकाणी पासवर्ड लागतच नाही. सर्व्हरवर 'पोस्टग्रेस' नावाच्या सिस्टिम युझरने शिरून 'पीएसक्यूएल' उघडा. स्थानिक कनेक्शनला 'पिअर' पद्धत (सिस्टिम युझरचं नाव जुळलं की प्रवेश) लावलेली असते. तिथून पासवर्ड बदला. विंडोजवर असाल तर पीजी एचबीए फाइलची प्रत काढा, फक्त १२७.०.०.१ च्या ओळीवर तात्पुरतं 'ट्रस्ट' लिहा, रीलोड करा, पासवर्ड बदला, मूळ फाइल परत ठेवा आणि पुन्हा रीलोड करा. त्याच बैठकीत गेलेल्या माणसाच्या नावाचे रोलही बंद करा, पण आधी त्यांच्या नावावर कुठली टेबलं आणि कुठले क्रॉन आहेत ते बघून.